भाकरीसाठी येशू की येशूसाठी येशू? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत मी दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चचं पूर्ण सभासदत्व घेण्याआधीच्या, वर्गाला शिकवते. वर्ग उपासनेनंतर चाळीस मिनिटांचा. खरे प्रश्न मात्र नंतर येतात: पार्किंगमध्ये गाडीची किल्ली हातात फिरवत, नाहीतर रात्री अकराला व्हॉट्सॲपवर. सगळ्यात जास्त वेळा येणारा विषय एकच. आपण येशूच्या मागे चाललोय ते कशासाठी? ते प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत, नावं गाळून. उत्तरं माझी आहेत आणि मी पाळक (मंडळीची धर्मगुरू) नाही, हे लक्षात असू द्या. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथे प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. “फायद्यासाठी येशूला मानणं” म्हणजे नेमकं काय? आजारपणात प्रार्थना केली तर तेही त्यात धरायचं का?

नाही, ते धरायचं नाही. ही सगळी चर्चा ज्या प्रसंगातून निघते तो योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे. पाच भाकरी, दोन मासे आणि पाच हजारांची पंगत. जेवण झाल्यावर लोक येशूला धरून राजा करायला निघतात, म्हणून तो एकटाच डोंगरावर निघून जातो. दुसऱ्या दिवशी तीच माणसं होड्यांत बसून कफर्णहूमला त्याला शोधत येतात. तेव्हा तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही चिन्हं पाहिलीत म्हणून आला नाहीत, भाकरी खाऊन पोट भरलं म्हणून आलात (योहान ६:२६).

यातला क्रम महत्त्वाचा. त्याने आधी जेवू घातलं आणि मग हे विचारलं. उपाशी माणसाला दारात उभं करून “तुझा हेतू शुद्ध आहे का?” असं त्याने कधी विचारलेलं नाही.

मग चूक कुठे झाली? चिन्ह म्हणजे पाटी. पाट्या आपल्या गावाला शिकवायला नकोत. “स्वारगेट” अशी बाण काढलेली पाटी दिसली की माणूस स्वारगेटला जातो, पाटीखाली चटई अंथरून बसत नाही. कफर्णहूमची मंडळी पाटीखाली चटई अंथरून बसली होती. फायद्यासाठी मानणं ते हे. येशू साधन आणि साध्य भलतंच. ते साध्य उद्या दुसऱ्या कुणी दिलं, तर येशूचं काम संपलं.

२. माझी हिंजवडीतली नोकरी गेली तेव्हाच मी चर्चला यायला लागलो. मग माझा विश्वास खोटाच म्हणायचा ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो विचारणारी माणसं बहुतेक प्रामाणिक असतात. ढोंगी माणूस हा प्रश्न विचारत नाही.

शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या चरित्राची पुस्तकं, उघडून येशूकडे कोण कोण आलं ते बघा. आंधळा बार्तीमय डोळ्यांसाठी आला. शताधिपती चाकरासाठी आला. याईर मुलीसाठी आला. रक्तस्रावाने बारा वर्षं गांजलेली बाई तर मागून येऊन चोरून कपड्याला शिवली, म्हणजे तिला फक्त गुण हवा होता, ओळखसुद्धा नको होती. यांच्यातल्या कुणालाही “आधी निःस्वार्थी हो, मग ये” असं सांगून परत धाडलेलं नाही.

उधळ्या मुलाची गोष्ट (लूक १५) आपण इतक्यांदा ऐकलीय की त्यातली एक गोष्ट निसटते. तो बापाच्या आठवणीने व्याकूळ होऊन उठला नव्हता. डुकरांच्या शेंगा बघून त्याला आठवले बापाच्या घरचे चाकर, त्यांना भाकरी पुरून उरते हे आठवलं. घरी परतायचं कारण भूक. बोलायचं वाक्यही तो वाटेत पाठ करत आला, मुलाखतीला जाताना करतात तसं. बापाने ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

तेव्हा कशामुळे आलात याची लाज नको. मी विचारीन ते पुढचं: नोकरी लागल्यावर काय? दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट (लूक १७) इथे उपयोगी पडते. दहाही जणांनी मनापासून हाक मारली, दहाही जण बरे झाले, आणि परत आला एक. तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्याला आपल्यात धरत नसत असा. बाकीचे नऊ खोटं बोलले नव्हते. त्यांचं काम झालं, ते गेले, इतकंच. आपल्या मंडळीतल्या किती साक्षी (सभेत उभं राहून सांगितलेले अनुभव) “मला नोकरी मिळाली” इथे संपतात ते मोजून बघा. मला त्या नेहमी पहिल्याच अध्यायात संपलेल्या गोष्टी वाटतात.

३. माझा विश्वास खरा आहे की सोयीचा, हे ओळखायचं कसं?

याला साखर तपासतात तशी पट्टी नाही. तरी बायबलमध्ये हाच प्रश्न सरळ विचारलेला आहे, तोही सैतानाच्या तोंडून. ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात तो देवाला म्हणतो की ईयोब तुझं भय काय फुकट बाळगतो? त्याच्याभोवती तूच कुंपण घातलंयस, ते काढ, मग बघ. मला कायम वाटत आलंय की सैतानाचा हा प्रश्न अजिबात मूर्खपणाचा नाही. उरलेली एक्केचाळीस प्रकरणं त्याच्याशीच झुंजतात.

सगळं गमावल्यावर ईयोब काय करतो? रडतो, भांडतो, जन्माच्या दिवसाला शिव्या देतो, मित्रांना निरुपयोगी वैद्य म्हणतो. पण भांडतो ते देवाशीच, त्याच्याकडे पाठ फिरवत नाही. म्हणून “मी देवावर चिडलेय, माझा विश्वास गेला का?” असं कुणी विचारलं की मी म्हणते, चिडून बोलताय ना, मग अजून आहे.

दुसरी खूण दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात सापडते. शद्रख, मेशख, अबेद्‌नगो भट्टीसमोर उभे असताना राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. “नाही सोडवलं तरी” हे तुमच्या प्रार्थनेत कुठे बसतं का, ते बघा.

तिसरी खूण साधी आहे. कुणी बघत नसताना, कुणाला कळणार नसताना, तुम्ही विश्वासापायी काही सोडलंय का? अगदी पन्नास रुपयेसुद्धा चालतील.

एवढं करूनही शंका राहीलच. मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा” असं एका दमात म्हणतो, आणि त्याच्या मुलाला तेवढ्यावर बरं केलं जातं.

४. “मागा म्हणजे तुम्हाला मिळेल” असं येशूनेच म्हटलंय. मग मागितलं तर बिघडलं कुठे?

काही बिघडलं नाही, मागा. प्रभूच्या प्रार्थनेत भाकरी आहेच, मात्र ती “रोजची” आणि “आमची”. म्हणजे एका दिवसापुरती आणि सगळ्यांची. गोदाम भरायची प्रार्थना त्यात नाही. गोदामं मोडून मोठी बांधणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट लूकच्या बाराव्या अध्यायात आहे आणि ती चांगली संपत नाही. ती निघाली कशावरून, तर एकाने येशूला “भावाला सांगून वाडवडिलांच्या इस्टेटीतला वाटा मला द्यायला लावा” असा आग्रह केला त्यावरून. येशूने वाटणीत पडायला साफ नकार दिला. सातबारा घेऊन प्रार्थनासभेला येणाऱ्यांनी तो उतारा जरूर वाचावा.

५. आमच्या घरात नवस बोलायची पद्धत आहे. ख्रिस्ती माणसाने नवस बोलावा का?

वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहतात. पुण्याहून जाणारेही पुष्कळ. प्रॉटेस्टंट लोक याला नाकं मुरडतात आणि मग स्वतः “प्रभू, हे टेंडर मिळालं तर चर्चला पंखा देईन” असं पुटपुटतात. त्यामुळे हा प्रश्न दोघांचा आहे.

बायबलमध्ये नवस आहेत. याकोब बेथेलला चक्क अटी घालतो की देवाने अन्न, वस्त्र दिलं, सुखरूप घरी आणलं, तर तो माझा देव (उत्पत्ती २८). हन्ना मुलासाठी नवस करते आणि शमुवेल झाल्यावर त्यालाच देवाला देऊन टाकते. इफ्ताह असाच काहीतरी बोलून बसतो आणि स्वतःच्या मुलीला मुकतो (शास्ते ११).

या तिघांतला फरक मला असा दिसतो. याकोबाची सुरुवात व्यापारी आहे, पण देव त्याला वीस वर्षं मामाकडे रगडून घेतो आणि परतताना रात्रभर कुस्ती खेळतो. त्या कुस्तीत तो लंगडा होतो, आणि मागतो काय, तर आशीर्वाद. हन्ना मिळालेलं परत देते. इफ्ताहाला देवाची ओळखच नाही, त्याला वाटतं देवाला काहीतरी मोठं चारलं पाहिजे. तुमचा नवस हन्नासारखा असेल तर माझी काही हरकत नाही. लाच असेल तर मात्र ती घेणारा तिथे कुणी बसलेला नाही.

६. आमचे पाळक म्हणतात दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) “पेरला” की दसपट उगवतो. मी कर्ज काढून दान दिलं. अजून काहीच उगवलं नाही. माझा विश्वास कमी पडला का?

तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. तुमची फसवणूक झालीय, आणि ती बायबल हातात धरून झालीय याचं मला जास्त वाईट वाटतं.

यासाठी नेहमी मलाखीचा तिसरा अध्याय वापरतात: दशांश भांडारात आणा, मी आकाशकपाटं उघडतो की नाही याची प्रतीती पाहा. ते वचन आहे, पण त्यातला दशांश मंदिराच्या कोठारात धान्याच्या रूपात जायचा. त्यावर लेवी, म्हणजे मंदिरात सेवा करणारं कुळ, जगायचे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो उपरी, अनाथ, विधवा यांच्या पोटात जायचा (बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक, अध्याय १४). तो समाजाचा सार्वजनिक कोठार होता. त्याला एका माणसाची भिशी करून टाकणं, आणि भिशीचा नंबर लागला नाही की “विश्वास कमी” म्हणून हप्ता वाढवायला लावणं, हा प्रकार मलाखीत नाही. मलाखी मजुरांची मजुरी दाबणाऱ्यांवरही त्याच अध्यायात तुटून पडतो. तेवढ्या ओळी सभेत कुणी वाचून दाखवत नाही.

शुभवर्तमानात दोन दाते प्रसिद्ध आहेत. एक विधवा, जिने दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) टाकल्या. तिला त्या बदल्यात काय मिळालं? लिहिलेलंच नाही. दुसरा जकातदार जक्कय. येशू घरी आला त्या दिवशी त्याची अर्धी मालमत्ता गेली आणि फसवलेल्यांना चौपट परतफेड त्याने आपणहून कबूल केली. तारण घरात आलं आणि तिजोरी हलकी झाली, याला समृद्धीच्या शिकवणीत कुठे बसवणार ते मला कुणी सांगावं.

भक्ती हे कमाईचं साधन मानणाऱ्यांबद्दल प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेलंच आहे (१ तीमथ्य ६). “मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो” हे गाडीच्या काचेवर लावायचं वाक्य पौलाने तुरुंगात लिहिलं, आणि त्याच्या आधीच्या ओळीत उपाशी राहायलाही शिकलो असं म्हटलंय. यिर्मयाचं “तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे” हे वाक्य बाबेलच्या बंदिवानांना आहे. त्यांना त्याच पत्रात सांगितलंय की सुटका सत्तर वर्षांनी. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकजण तोवर गेलेले असणार.

व्यवहाराचं सांगायचं तर कर्ज काढून दान देऊ नका. दिलेल्या दानाची पावती मागा. संस्थेचा हिशेब तपासला जातो का ते विचारा. विचारल्यावर राग येत असेल तर पुढचं दान शेजारच्या गरजू घरात द्या, तिथे पावती लागत नाही.

७. आरोग्यसभेत आईला रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. घ्यायच्या की नाही?

आज रात्रीची गोळी द्या, मग पुढचं वाचा.

ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे व्हायचे, त्याच पौलाने सोबती त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, आणि स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा मागूनही गेला नाही. त्याचा सोबती लूक वैद्य होता. हे सगळं नव्या करारातच आहे. प्रार्थनेने बरं होणं मी नाकारत नाही, तशी माणसं मला ठाऊक आहेत. पण गोळी घेणं हा अविश्वास ठरवणारा माणूस तुमच्या आईच्या जिवावर स्वतःचं नाव मोठं करतोय. २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो एका धर्मापुरता नाही, हेही सांगून ठेवते.

८. “ख्रिस्ती झालात, किती मिळाले?” असं सोसायटीत हसत हसत विचारतात. काय उत्तर द्यायचं?

मला हा प्रश्न शाळेत विचारला गेला, तेव्हा त्याच्या जोडीला विहिरीत पाव टाकल्याची कथाही असायची. एक पाव विहिरीत पडला, गावाने ते पाणी प्यायलं, गाव बाटलं. विहिरीत पडलेला पाव इतकं काम करत असता तर मंडळीत माणसं टिकवायला आम्हाला एवढे कष्ट पडले नसते.

उलट हिशेब सांगून बघा. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या काही प्रतिष्ठितांनी व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं घेतली. त्यात लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. नुसत्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. चहाची ही किंमत असलेल्या काळात कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे १९१७ मध्ये या टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा, इंग्लंडमधला. ज्या पुण्याने त्यांच्या विद्वत्तेचं कौतुक केलं होतं, त्याच पुण्यात त्यांच्या शारदासदनावर, म्हणजे विधवा-मुलींच्या शाळेवर, १८९३ मध्ये वादळ उठलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाई इंग्लंडातल्या धर्मगुरूंपुढेही मान तुकवत नव्हत्या, हे त्यांच्या पत्रव्यवहारात दिसतं. यांना “किती मिळाले” विचारायला हवं होतं.

पण दुसरी बाजूही खरी आहे, ती झाकू नका. दुष्काळात लोक मिशनच्या दारात आले. नगर जिल्ह्यातल्या किती तरी घरांची ख्रिस्ती वंशावळ दुष्काळाच्या वर्षापासून सुरू होते. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या. त्यांना अन्न मिळालं, अक्षरं मिळाली, आणि पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या. यातल्या किती जणी भाकरीसाठी झाल्या? मला हा प्रश्न विचारणाऱ्याच्या पोटाकडे बघावंसं वाटतं. ज्याला गावच्या पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाही, त्याने पहिल्यांदा कुणी पंक्तीला बसवलं तिथे देव पाहिला, तर त्याला मी फायदा म्हणणार नाही. आणि समजा पहिली पिढी भाकरीसाठी आली; तिची चौथी पिढी अजून रविवारी लवकर उठते ती कुठल्या भाकरीसाठी?

आजच्या काळात पैसे देऊन कुणाला बाप्तिस्मा देणं सरळ चूक आहे, कायदा बाजूला ठेवला तरी. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शिमोन जादूगार पैसे देऊन पवित्र आत्म्याचं दान विकत घ्यायला बघतो, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र म्हणतो तुझ्या पैशासकट तुझा नाश होवो. देणाऱ्याला लागू आहे ते घेणाऱ्यालाही आहे. बाकी बाप्तिस्म्याने खिशाला चाटच बसते, ते पुढे बघा.

९. मी बाप्तिस्मा घेतलाय पण कागदावर हिंदूच आहे, जातीचा दाखला जाऊ नये म्हणून. हे पाप आहे का?

हा मेसेज बहुतेक वेळा सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेतून येतो, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवसांत. उत्तर देताना मला अवघडल्यासारखं होतं, म्हणून आधी वस्तुस्थिती.

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुळात फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम आले नाहीत. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्याने फक्त आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं मान्य होणार नाही.

म्हणजे इथे फायदा येशूला सोडण्यात आहे, धरण्यात नाही. आणि हा पेच कुणाच्या वाट्याला येतो? ज्याच्या आजीला मंडळीतही वेगळ्या बाकावर बसवलं गेलं, त्याच्या. कॅम्पात तीन पिढ्यांचं घर असलेल्या माझ्यासारखीने त्याला “क्रूस उचल” म्हणून सांगणं फार स्वस्त आहे. बाप्तिस्म्याने जात गेली नाही, फक्त सवलत गेली, ही तक्रार खरी आहे आणि मंडळीने ती स्वतःची म्हणून मांडायला हवी.

बायबलमध्ये नामानाचा प्रसंग आहे (२ राजे ५). अरामचा सेनापती बरा होतो, इस्राएलच्या देवाला मानतो, आणि मग चाचरत विचारतो: माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा होईल ना? त्याला बरं करणारा संदेष्टा अलीशा “शांतीने जा” एवढंच म्हणतो. परवानगी नाही, शापही नाही. मी वर्षानुवर्षं त्या उत्तराकडे बघतेय.

तरी एक रेघ मला दिसते. नामानाने आपली अडचण लपवली नाही, बोलून दाखवली. खोटं प्रतिज्ञापत्र लिहिणं वेगळं. ते उद्या नोकरीसकट अंगावर येऊ शकतं, म्हणून फॉर्म भरण्याआधी वकिलाला विचारा. आणि लपूनछपून का होईना, रविवारी या. आमच्या बाकावर कुणी दाखला मागत नाही.

१०. शाळेच्या ॲडमिशनसाठी पाळकांचं पत्र लागतं, म्हणून चर्चला यायला लागलो. आणि लग्नासाठी बाप्तिस्मा घेतला तर चालेल का?

दोन प्रश्न आहेत, पण धागा एकच.

जानेवारीत आमच्याकडे मागचे बाक भरतात आणि जूनला रिकामे होतात. आम्ही त्याला “ॲडमिशनचा ऋतू” म्हणतो. लहान मुलांना हाताला धरून येणाऱ्या आईबापांना मी हाकलणार नाही (कारण प्र. २). पण पत्रात “नियमित सभासद” लिहायचं असेल तर ते खरं असावं. खोटं पत्र देणारा पाळक मागणाऱ्यापेक्षा जास्त दोषी. एका वर्षी एक बाई अशाच आल्या. मुलाला प्रवेश मिळाला नाही. जूननंतरही त्या येत राहिल्या. आता गायनवृंदात आल्टो गातात आणि मला सूर चुकल्यावर डोळे वटारतात.

लग्नाचं म्हणाल तर बाप्तिस्म्याची सक्ती कायद्यात नाही. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एकजण ख्रिस्ती असला तरी चालतं. १९५४चा विशेष विवाह कायदाही आहेच. कॅथलिक चर्चमध्ये आंतरधर्मीय लग्नाला बिशपांकडून सूट घ्यायची रीत आहे. तेव्हा सासूबाईंच्या समाधानासाठी पाण्यात उतरू नका. सासूबाईंनाही पुढे त्याचा त्रासच होतो.

११. मी येत नाही, पण दफनभूमीत जागा राहावी म्हणून वर्गणी भरतो. चालेल?

वर्गणी चालेल. शेवटी तुम्हाला आणणारच आहोत, त्याआधी एकदा स्वतःच्या पायांनी या.

१२. आम्ही जन्माचे ख्रिस्ती. हे सगळं नव्यांसाठी आहे ना?

मला तर हे आपल्यासाठीच जास्त आहे असं वाटतं. नव्या माणसाला भाकरी हवी असते. आपल्याला खुर्ची हवी असते. येशूच्या दोन शिष्यांची, जब्दीच्या मुलांची, आई येशूकडे येऊन एका मुलाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसवा म्हणते (मत्तय २०), तेव्हा बाकीचे दहा शिष्य चिडतात. ते का चिडले असतील याचा विचार आपल्या निवडणुकीच्या दिवसांत करावा. पंचमंडळाच्या जागांवरून, जमिनीच्या व्यवहारांवरून धर्मादाय आयुक्तांपर्यंत गेलेली भांडणं या शहरात ज्याला माहीत नाहीत तो पुण्याचा ख्रिस्ती नाही. हजार रुपयांच्या मदतीसाठी आलेल्या मोलकरणीचा हेतू तपासणारे हेच लोक.

“आपलं माणूस” म्हणून मिशनच्या शाळेत नोकरी, इस्पितळात खाट, वसतिगृहात जागा, हे सगळं आम्ही पिढ्यान् पिढ्या घेतलंय. ते घेणं पाप नाही. पण ते घेऊन दुसऱ्याला तांदळाचा, म्हणजे पोटासाठी झालेला, ख्रिस्ती म्हणू नये.

१३. स्वर्ग मिळावा म्हणून विश्वास ठेवणं हाही शेवटी फायदाच ना? मग निःस्वार्थी विश्वास असतो तरी का?

हा प्रश्न एका बारावीतल्या मुलाने विचारला आणि मी त्या दिवशी वर्ग दहा मिनिटं लवकर सोडला.

पेत्रानेही साधारण हेच विचारलं होतं: आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय? येशूने त्याला झिडकारलं नाही. शंभरपट मिळेल म्हणाला, घरं, भाऊ, बहिणी, शेतं, आणि त्याच यादीत मध्येच घातलं, “छळासह” (मार्क १०). शेतांच्या यादीत छळ. असा करार कुठल्या दलालाने दाखवला तर आपण सही करू का?

मला जे उत्तर सुचलं ते आषाढातलं आहे. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, एक नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दुसरी भवानी पेठेत. भिजलेल्या, पाय सुजलेल्या एखाद्या आजीला विचारा, पंढरपूरला काय मिळतं? गर्दीत पुष्कळांना मूर्तीचं दर्शनही होत नाही, कळस बघून परततात. तरी पुढच्या वर्षी निघतात. त्यांना काही मिळतच नाही असं म्हणता येईल का? मिळतं, पण ते भेटीपासून वेगळं काढून पिशवीत भरता येत नाही. नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, ते मला अशा वेळी पटतं.

फ्लॅट बघून लग्न करणाऱ्याचा फायदा लग्नाबाहेरचा असतो, फ्लॅट गेला की तो जातो. ज्याला त्या माणसासोबत राहायचंय त्यालाही काहीतरी मिळतंच, पण ते लग्नच असतं. स्वर्ग म्हणजे सोन्याचे रस्ते असं समजून कुणी निघाला असेल तर तो फ्लॅट बघून निघालाय. देवाच्या सोबतीसाठी निघाला असेल तर त्याला स्वार्थी म्हणणं मला जमत नाही. मुलाने हे ऐकून “म्हणजे थोडा स्वार्थ चालतो” असं अनुमान काढलं. मी वाद घातला नाही.

१४. नवऱ्यासाठी दोन वर्षं प्रार्थना केली, तो गेला. तेव्हापासून मी चर्च सोडलंय. माझाही विश्वास फायद्यापुरताच होता म्हणायचा?

ताई, नवऱ्याचा जीव मागणं याला फायदा म्हणत नाहीत. मार्था आणि मरीया दोघीही भाऊ गेल्यावर येशूला ऐकवतात की तू इथे असतास तर तो मेला नसता. तो त्यांना गप्प करत नाही. रडतो. पहिल्या प्रश्नात जी गर्दी आली, तिचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण ते तुमच्यासाठी आहे. बोलणं कठीण वाटल्यावर बरेच जण सोडून गेले. येशूने बारा शिष्यांना विचारलं, तुम्हालाही जायचंय का? पेत्राने मोठा विश्वास सांगितला नाही, आधी एक प्रश्नच विचारला: प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? (योहान ६:६८). मला तो आवाज थकलेल्या माणसाचा वाटतो.

तुम्हाला गाणी म्हणवणार नाहीत, साक्ष द्यायला लावणार नाहीत, मी बघते ते. उपासना साडेआठला सुरू होते. पहिली दोन गीतं होऊन गेल्यावर आलात तरी चालेल, डावीकडच्या शेवटच्या बाकाजवळ पंखा आहे आणि दार तिथून चार पावलांवर.